नाई दुखत

ज्या माणसाने मला बेसबॉल फेकायला शिकवलं, त्याच्याशी मी बोलत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा खेळ खेळणारी माणसं मूठभर, त्यामुळे कुठलीही स्पर्धा असली की आम्ही दोघं एकाच मैदानावर असतोच. तो मांडवात खुर्चीवर बसतो, मी समोरच्या बाजूला उन्हात उभी राहते. एखादा नवीन पंच येतो आणि विचारतो, ‘ते तुमचे सर ना?’ मी सांगते, ‘होते.’

लोकांना हे आवडत नाही. गुरू म्हटला की आपल्याकडे सगळं माफ असतं. मी केलेलं नाही. त्याच्यासाठी ‘ते’ आणि ‘त्यांना’ म्हणणंही सोडून दिलं आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी मी त्याच्या पाया पडेन अशी वाट बघत कुणी बसायला नको.

माझे वडील माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. शाळेच्या वार्षिक खेळांत मी क्रिकेटचा चेंडू फेकला, तो कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर जाऊन आदळला. सर त्या दिवशी पाहुणा म्हणून आला होता. त्याने मला बोलावलं, माझा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बाजारात बैल बघावा तसा दाबून पाहिला आणि म्हणाला, ‘उद्यापासून माह्याकडे ये. तू पिचर आहेस.’

पिचर म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. बेसबॉलमध्ये मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहून फलंदाजाकडे चेंडू टाकतो तो पिचर. त्या उंचवट्याला माउंड म्हणतात. धावत यायचं नाही, टप्पा टाकायचा नाही. जागेवरून एक पाय उचलायचा, पुढे झेप घ्यायची आणि अख्खं अंग चाबकासारखं सोडायचं. मैदानावरचे बाकीचे सगळे तुमच्या हाताकडे बघत उभे असतात. मला ते पहिल्याच दिवशी आवडलं. सर आवडला नाही, पण तेव्हा आवडण्या-न आवडण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याला फेक कळत होती, हे मी नाकारत नाही. चेंडू हाताने नाही, पायाने आणि कमरेने फेकायचा असतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. ओल्या टॉवेलचं एक टोक मुठीत धरून तो आम्हाला फेकण्याची सगळी क्रिया करायला लावायचा. टॉवेलचं दुसरं टोक पुढे धरलेल्या ग्लव्हवर फटकन वाजलं, तर अंग बरोबर सुटलं. फुसकं वाजलं, तर परत. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर होते, त्यांच्यावर तो आम्हाला पळवायचा. पाय घसरायचे, तोंडात काळी धूळ जायची. ते सगळं ठीक होतं. अंगमेहनतीबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार दुसऱ्या तालमीबद्दल आहे. तिला तो मनाची तालीम म्हणायचा. मी माउंडवर उभी राहिले की तो सगळ्या संघाला फलंदाजाच्या मागे उभं करायचा आणि मला शिव्या द्यायला लावायचा. ‘जोरात बोला. सामन्यात काय लोकं आरती करतात का तिची?’ पोरं-पोरी आधी लाजायची, मग त्यांना चव लागायची. माझ्या रंगावरून, वडिलांच्या दारूवरून, पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशीच्या डागावरून. हे डागाचं त्यांना सरनेच सांगितलं होतं. चेंडू इकडेतिकडे गेला की म्हणायचा, ‘ऐकू आलं ना तुले? म्हणून गेला. पिचरले ऐकू नाई यायला पायजे.’

मी शिकले. मला ऐकू येईनासं झालं. शिव्या ऐकू येईनात, टाळ्या ऐकू येईनात, आणि काही महिन्यांनी स्वतःचा कोपर काय सांगतो आहे तेही ऐकू येईना.

त्याचा एक खास चेंडू होता, शेवटच्या क्षणी वळून खाली पडणारा. मधलं बोट शिवणीवर घट्ट, अंगठा खाली मुडपून दडवलेला, आणि चेंडू सुटताना मनगट आत पिळायचं. वाढत्या वयाच्या हाताला तो चेंडू विष आहे. हे आता मला माहीत आहे, त्याला तेव्हाही माहीत होतं. पण त्या चेंडूवर फलंदाज बाद व्हायचे. म्हणून तो मला तोच टाकायला लावायचा, सकाळी एका सामन्यात आणि दुपारी दुसऱ्या. कोपर सुजायचा. वेणी घालायला हात मागे जायचा नाही. आई मोहाच्या बियांचं, टोळीचं, तेल कोमट करून चोळायची आणि म्हणायची, ‘सांग न त्याइले.’ मी एकदा सांगितलं. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, ‘कोणाले कोणाले दुखते? हात वर करा.’ कुणी हात वर केला नाही. ‘पाह्य वं, एकटी तूच भेटली नाजूक.’

राज्य स्पर्धेत, चालू सामन्यात, माझ्या कोपरातून ओली काडी मोडावी तसा आवाज आला. चेंडू कुठे गेला ते मी पाहिलं नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि पुन्हा फेकायचं नाही म्हणून सांगितलं. सर घरी आला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने एका मुलाला पाठवलं. माझ्याकडे ग्लव्ह होता, तो शाळेचा होता. सरने परत मागवला होता.

पुढे मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि नागभीडच्या एका शाळेत कंत्राटावर लागले. शाळेमागे मैदान, मैदानाला लागून धानशेतांच्या बांध्या, त्यांच्या पलीकडे जंगल. पाच वाजायच्या आत पोरींना गावाकडे सोडावं लागायचं. वाघ काही सराव संपायची वाट बघत नाही. जेवढा वेळ मिळायचा तेवढ्यात मी मुलींचा संघ उभा केला.

त्या संघाची पिचर मला सापडली वांदरांमुळे. शाळेच्या पत्र्यावर वांदरांची टोळी धिंगाणा घालत होती आणि अकरावीतली एक उंच, रुंद खांद्यांची पोरगी खालून दगड मारत होती. दगड प्रत्येक वेळी वांदराच्या शेजारी, वीतभर अंतरावर पत्र्यावर वाजत होता.

मी ओरडले, ‘लागला असता म्हणजे?’

‘लावायचाच नव्हता,’ ती म्हणाली. तोंड फुगलेलंच. नंतर कळलं की ते कायमच तसं असायचं.

तिचं गाव जंगलाला लागून. घरी थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. अंगात ताकद होती आणि नेम होता. राग तर माझ्या संघात तिच्याएवढा कुणातच नव्हता. मला ती आवडली नाही. पण पिचर म्हणून तिच्यासारखी दुसरी मी आजवर पाहिलेली नाही.

माझी सगळी पद्धत सरच्या उलट होती. खिडकीच्या गजाला सायकलची ट्यूब बांधून खांद्याचे व्यायाम, वाळू भरलेल्या बाटल्यांनी मनगटाचे, पायांसाठी बांधांवरून उड्या. सलग दोन दिवस जोरात फेकायचं नाही. सामन्यात कधी थांबवायचं ते मी ठरवणार. वळणारा चेंडू हाडं भरेपर्यंत बंद. आणि मनासाठी एकच गोष्ट शिकवली होती. फेक बिघडली की फलंदाजाकडे पाठ करायची, मैदानाबाहेरच्या बेहड्याच्या झाडाकडे बघायचं, लांब श्वास सोडायचा आणि मगच वळायचं. इतर पोरींना ते जमलं. ही हसायची. ‘मॅडमनं झाड पाहायले ठेवलं मले.’

रोज सराव सुरू होण्याआधी मी प्रत्येकीला विचारायचे, ‘कुठी दुखते?’

बाकीच्या सांगायच्या. कुणाची पाठ, कुणाची पोटरी. ही म्हणायची, ‘नाई दुखत.’

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती पहाटेपासून चिखलात वाकून यायची. पाठ सरळ होत नव्हती, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. ‘कुठी दुखते?’ ‘नाई दुखत.’ मी तिला घरी जायला सांगितलं. ती गेली नाही. शाळेच्या पायरीवर बसून सराव संपेपर्यंत माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली.

मग एक दिवस तिचा बाप आला. हातात सायकल, ती त्याने स्टँडवर लावली नाही.

‘मॅडम, पोरगी म्हणते तुमी तिले फेकू देत नाई.’

‘देते. मापात देते.’

‘राज्याचं सर्टिफिकेट भेटलं तर पोलीस भरतीत खेळाडूचा कोटा लागते. तिले भरतीत जायचं हाये.’

‘हात गेला तर कुठली भरती, भाऊ?’

तो हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. ‘आमचे हात कामानं जातच असतात. धान कापताना कोणी इचारते का, कुठी दुखते म्हणून? तुमीच एक भेटल्या इचारणाऱ्या.’

मी त्याला कोपराबद्दल समजावून सांगायला लागले, तर त्याने सायकल वळवली.

विभागीय स्पर्धा जवळ आली होती. त्यात जिंकणाऱ्या संघाला राज्य स्पर्धेचं दार उघडणार होतं. एका सोमवारी मी स्वतः फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या जागी बसले आणि तिला फेकायला सांगितलं. दोन-तीन चेंडू सरळ आले. मग एक आला, तो माझ्या ग्लव्हपाशी येता येता वळला आणि खाली पडला. माझ्या मनगटाला लागला.  तो चेंडू मी ओळखला. जगातल्या सगळ्या पिचरांमधून मी तो ओळखला असता.

मी उठून माउंडवर गेले. ‘चेंडू पकड. दाखव कसा पकडला ते.’

तिने दाखवला. अंगठा खाली मुडपलेला.

‘कोणाजवळ जाऊन राह्यली?’

तिने चेंडू ग्लव्हमध्ये दडवला.

‘रविवारी कुठी जाते तू?’

‘चंद्रपूरले. सरजवळ.’ मग मान वर करून, ‘ते मले फेकू देतात.’

‘काय म्हणते तो माह्याबद्दल?’

‘म्हणतात, तिचा हात गेला म्हणून ती आता कोणालेच फेकू देत नाई. म्हणतात, तुमी जळता.’

दर रविवारी ती चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनला जाणाऱ्या गाडीत बसत होती आणि तिच्या बापाला ते ठाऊक होतं. मी तिला त्या आठवड्यात चेंडूला हात लावू दिला नाही. दोन पोरींनी तिची बाजू घेतली आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की स्पर्धा हरली तर माझ्या कंत्राटाचा विचार करावा लागेल. मी म्हटलं, करा.

स्पर्धा बल्लारपूरला होती. हवेत कागद कारखान्याचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास, आणि सकाळपासून ऊन. आम्ही उपांत्य सामना त्या पोरीच्या फेकीवर जिंकला. फायनल त्याच दुपारी होती. नियमाने ती दोन्ही सामन्यांत फेकू शकत होती, माझ्या नियमाने नाही. तरी मी तिला फायनलला उतरवलं, कारण दुसरी पिचर पोरगी तापाने फणफणली होती. हिला फक्त सुरुवातीला टाकायला लावायचं आणि मग तापवाल्या पोरीला आणायचं, असं मी ठरवलं होतं. तिला बजावलं, ‘तो वळणारा टाकला तर तिथल्या तिथं बाहेर काढीन.’

सामन्याआधी सर मांडवातून उठून माझ्याकडे आला. केस पांढरे झाले होते, शिट्टी गळ्यात तशीच. इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

‘पोरगी चांगली आहे. खराब नको करू तिले.’

‘खराब करायचं काम तुमचं,’ मी म्हटलं.

‘तुह्या हातात दम नव्हता, ते मी काय करू? दुसऱ्या पोरी नाई का फेकल्या?’

‘किती जणी आज फेकतात? एक सांगा.’

आजूबाजूला पंच, शिक्षक, पोरी जमल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला, ‘जिंकून तर दिलं मी! कप कोणाच्या शाळेत ठेवले आहेत, जाऊन पाह्य.’

‘माझा ग्लव्ह पण तिथंच ठेवला असेल.’

त्याला ग्लव्ह आठवत नव्हता. चेहऱ्यावरून सरळ दिसत होतं की आठवत नव्हता. त्याचा मला इतर कशाहूनही जास्त राग आला.

फायनल सुरू झाली. ती सुंदर फेकत होती. समोरच्या पोरींची बॅट चेंडूला लागतच नव्हती. आम्ही एका धावेने पुढे होतो. मग मला तिचा कोपर खाली आलेला दिसला. दमलेल्या पिचरचा कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरतो आणि अंगाचं सगळं ओझं त्याच्यावर येतं. पुढच्या चेंडूनंतर तिने हात मांडीवर झटकला. आणि त्याच्यानंतरचा चेंडू वळला.

मी वेळ मागितला आणि माउंडवर गेले. हात पुढे केला. ‘चेंडू दे.’

‘नाई देत.’

‘कोपर उतरला तुहा. दे.’

‘या डावाच्या दोनच जणी राह्यल्या, मॅडम. दोन जणी बाद केल्या की झालं.’ तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. ‘तुमी माही भरती खाऊन राह्यल्या.’

‘दे म्हणते ना.’

‘नाई.’

मांडवातून त्याचा आवाज आला, ‘राहू दे तिले!’ प्रेक्षकांतून आणखी चार आवाज उठले. मी वळून पंचाला सांगितलं, पिचर बदलली आहे. पोरीने चेंडू जमिनीवर आपटला, तो उसळून माझ्या नडगीवर बसला. ती मैदान सोडून चालू लागली. बाकावर थांबली नाही, तडक फाटकाबाहेर गेली.

तापवाली पोरगी आली. ती थरथरत होती. आम्ही हरलो, आणि चांगलेच हरलो.

तिचा बाप फाटकापाशी उभा होता. मी बाहेर पडले तसा तो पुढे आला. मला वाटलं हात उचलतो आता. त्याने उचलला नाही, माझ्या पायापाशी थुंकला. ‘बाई, तुमाले पोरगी नाई, म्हणून कळत नाई,’ एवढं बोलून गेला. परतीच्या गाडीत मुली माझ्यापासून लांब बसल्या. तापवाली तेवढी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

माझं कंत्राट वाढलं नाही. पोरगी शाळेतून नाव काढून चंद्रपूरला गेली, सरच्या हाताखाली खेळली, राज्य स्पर्धेत गेली. मी ती स्पर्धा बघायला गेले नाही. लोकांकडून ऐकलं की तिने संघाला जिंकवलं, त्याच वळणाऱ्या चेंडूवर. मला आनंद झाला नाही. तो झाला पाहिजे होता असं मला वाटतही नाही.

आता मी सिंदेवाहीच्या एका शाळेत शिकवते आणि नागभीडहून गाडीने जाते. गेल्या हिवाळ्यात फलाटावर एक पोलीस शिपाई उभी होती, पायाशी पिशवी. मी जवळ गेल्यावर ओळखलं. तोंड तसंच फुगलेलं.

‘भरती झाली तर,’ मी म्हटलं.

‘झाली. कोट्यातून.’

‘गोळाफेक कशी केली भरतीत?’

‘फेकला गोळा. दुखत होता, तरी फेकला. तुमच्या हाताखाली असती तर घरीच बसली असती.’

तिने बोलताना उजवा हात पोटाशी धरला होता. मी त्या कोपराकडे पाहत होते. तिला ते दिसलं.

‘हात सरळ कर,’ मी म्हटलं.

‘काऊन?’

‘कर ना. पूर्ण सरळ कर.’

 हात सरळ झाला नाही. होत नाही म्हणून की करायचा नव्हता म्हणून, हे मला विचारायची गरज नव्हती, माझाही तेवढ्याच कोनात अडकतो. शेवटी ती म्हणाली, ‘तुमी तवाही हेच पाहत होत्या. मी किती जणी बाद केल्या ते एकदाही नाई सांगतलं तुमी.’

‘चांगली फेकत होतीस तू.’

‘आता काय कामाचं ते?’

गाडी आली. तिने डाव्या हाताने पिशवी उचलली आणि समोरच्या डब्यात चढली. मी तिच्या मागे गेले नाही. पुढच्या डब्यात जागा होती, तिथे जाऊन बसले, आणि सिंदेवाही येईपर्यंत आम्ही एकाच गाडीत होतो.